ऐकणाऱ्याची खुर्ची

माझी मतं फार आहेत, असं टीममध्ये सगळे म्हणतात. खोटं नाही. बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिल्यावर माणसाकडे चष्म्याचा नंबर आणि मतं एवढंच उरतं.

कोणी नवा आला की विचारतो, "ताई, कोड लिहायला एडिटर कुठला वापरू?" मी सांगते, जो उघडा आहे हे तू विसरून जाशील, तो. एडिटरचे रंग निवडण्यात आठवडा घालवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्यात रोज वापरावी लागते. कोडमध्ये बदल केल्यावर सोबत एक ओळ लिहायची असते, काय बदललं त्याची. तिथे लोक 'बदल केले' एवढंच लिहितात. अरे, बदल केलेस ते दिसतंय, का केलेस ते सांग. जी चाचणी आजवर एकदाही नापास झाली नाही, ती मला पास झालेलीही चालत नाही. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे चूक गिळणं. प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं तर त्यानं बोंब मारली पाहिजे. काही जण ती बोंब पकडतात आणि तिथेच दाबून टाकतात, म्हणजे वरून सगळं आलबेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग ती मूठ उघडायला मला बोलावतात.

माझं सगळ्यांत लाडकं मत पाच सेकंदांचं आहे. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला काही विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. किती वेळ बघायची, हे आधी ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर एकाच्या पायी मागची सगळी रांग अडते. मी टीमला नियम घालून दिला होता: पाच सेकंद. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं, तर पलीकडे कोणी नाही असं समजा आणि पुढे चला. हा नियम मी एका कागदावर लिहिला, तो कागद नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वाचायला देतात. त्याचा मला अभिमान होता, लपवत नाही.

आता बदकाचं सांगते. प्रोग्रॅममधली चूक सापडत नसली की ती कोणाला तरी मोठ्यानं समजावून सांगायची, ही आमच्याकडची जुनी रीत. सांगता सांगता अर्ध्यातच आपल्याला आपली चूक दिसते. ऐकणाऱ्याला काही कळायची गरज नसते. म्हणून पुष्कळ जण टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि त्याच्याशी बोलतात. बदकाची पात्रता एकच, ते मध्ये बोलत नाही. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटतं, पण मी स्वतः पाहिलंय, ते चालतं. आमचं ऑफिस होतं तेव्हा माझ्याकडेही एक पिवळं बदक होतं. तीन वर्षांपूर्वी ऑफिस बंद झालं, सगळे घरून काम करायला लागले, आणि सामान आवरताना ते बदक कुठे गेलं कळलं नाही.

तेव्हापासून मी या दोन खोल्यांत. नवरा होता, आता तो दुसऱ्या कोणाचा तरी नवरा आहे. दिवसभर हेडफोनमधून पाच-सहा जणांचे आवाज कानात असतात. सहा वाजता हेडफोन काढला की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. मी भाजी चिरताना स्वतःशी बोलायला लागले होते, आणि एकदा तर लिफ्टमध्ये बोलले. शेजारीण म्हणाली, "मला म्हणालात का?" मी म्हटलं, हो, हवा छान आहे.

अकरा महिन्यांपूर्वी बाबा माझ्याकडे आले. त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळतं, डॉक्टर म्हणाले, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, नंतर कठीण. दादाचं घर मोठं आहे, पण वहिनी नोकरीला जाते आणि दादा तर घरी टेकतच नाही. मी दिवसभर घरातच असते. त्यामुळे फार चर्चा न होता बाबा माझ्याकडे आले.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं. आमच्या लहानपणी बाहेरच्या खोलीत लोकांची मशीनं रांगेनं उभी असायची. हत्यारांच्या बाबतीत त्यांचीही मतं होतीच. स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर ते कोणाला देत नसत, आणि मशीन आलं की लगेच उघडत नसत. "आधी ऐकायचं, मग उघडायचं," म्हणायचे. चाक हातानं फिरवत, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत बसायचे. मी शेजारी बसून अखंड बडबड करायची, म्हणून माझं नाव टकळी. ऐकताना त्यांना शांतता लागायची. मग ते ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "टकळे, अळीमिळी गुपचिळी." मी लगेच तोंड दाबून धरायची. जो आधी बोलेल तो हरला. खेळाचा एकच कायदा होता, बाबा "सुटलीस" म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकदा ते मशीन पोचवायला गेले आणि सुटलीस म्हणायला विसरले. दोन तास मी गप्प. आई घाबरली, तिला वाटलं मी काहीतरी गिळलं.

बाबांची हातांची खुर्ची मी माझ्या टेबलासमोर ठेवली. त्यांची पाठ खिडकीला, तोंड माझ्याकडे. पहिल्या आठवड्यातच एका चुकीनं मला दोन दिवस छळलं होतं. मी वैतागून मान वर केली तर समोर बाबा बसलेले, माझ्याकडे बघत.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला एक काम देते. मी सगळं सांगणार, तुम्ही फक्त ऐकायचं. बोलायचं नाही. अळीमिळी गुपचिळी." आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. त्यांचं तेवढंच हसतं. मी सांगायला लागले आणि सातव्या मिनिटाला चूक सापडली. मी ही गोष्ट टीमला सांगितली, दादाला सांगितली. सगळे हसले. मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडे बदकं आहेत, ताईंकडे सीनियर बदक आहे." मीही हसले. मग रोजचंच झालं. सकाळी दहाला बाबांना खुर्चीत बसवायचं आणि दिवसभर, अडलं की सांगायचं. अकरा महिन्यांत मी त्यांना जेवढं सांगितलं तेवढं नवऱ्याला सात वर्षांत सांगितलं नसेल. मधूनमधून ते डोळे मिटून मान कलती करत, हळूच डोलावत. मला वाटायचं, पटतंय त्यांना. खरं सांगते, त्या मानेसाठी मी कधी कधी न अडलेलंही सांगत बसायची.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला हॉस्पिटलकडून थेरपिस्ट यायची. बोलणं शिकवणारी, तिशीच्या आतली मुलगी, पाठीवर सॅक, पायात आवाज न करणारे बूट. ती आली की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून मीटिंग घेत असे. जाताना ती वहीत लिहून जायची: आज चार शब्द. आज सात शब्द. मी ते वाचायची आणि संध्याकाळी बाबांना म्हणायची, "सात शब्द? वा. एक मला म्हणून दाखवा बरं." बाबा माझ्याकडे बघत राहायचे. मग मी म्हणायची, जाऊ द्या, दमला असाल. मला त्या वहीचा संशयच यायला लागला होता. नोकरी टिकवायला माणूस काहीही लिहितो.

वर्ष पुरं व्हायला महिना राहिला तसा दादाचा फोन आला.

"थेरपिस्टचा अहवाल कधी आहे?"

"सोमवारी देणार आहे. सुधारणा दिसली तर आणखी सहा महिने येईल, नाही तर बंद."

"घरी बोलतात काही?"

"एक शब्द नाही."

मग दादानं अशा रुग्णांच्या एका निवासी केंद्राचा विषय काढला. चांगलं आहे, बाग आहे, चोवीस तास नर्स असते, त्यानं फोटो पाठवले होते. "अगं, बोलतच नाहीत तर त्यांना इथे काय आणि तिथे काय. तूही अडकून पडलीस. अहवाल तसाच आला तर पुढच्या महिन्यात हलवू या."

मला त्यांना हलवायचं नव्हतं. पण का, ते दादाला सांगता येईना. बदकाशिवाय माझं काम होत नाही, असं सांगणार होते का? मी म्हटलं, "बघू अहवाल आल्यावर." फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन स्पीकरवर होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात कामावर पाट्यांचं प्रकरण निघालं. बसथांब्यावर 'पुढची बस चार मिनिटांत' असं दाखवणाऱ्या पाट्या असतात ना, त्यांचा प्रोग्रॅम आमची टीम सांभाळते. तीन जुन्या डेपोंच्या थांब्यांवर काही महिन्यांपासून एकच ओळ दिसत होती: माहिती उपलब्ध नाही. लोक तक्रारी करत होते. मॅनेजर, जो आयुष्यात कधी बसथांब्यावर उभा राहिलेला नाही, उंटावरून शेळ्या हाकत म्हणाला, डेपोवाले झोपा काढतात. मीही मीटिंगमध्ये ठासून सांगितलं, तिथली यंत्रं म्हातारी झालीयत, मेलीयत, बदलून टाका. माझ्या शब्दाला वजन आहे. नवी यंत्रं मागवायचं पत्र तयार व्हायला घेतलं.

गुरुवारी सकाळी, पत्र जायच्या आधी, मी एकदा नोंदी उघडल्या. प्रोग्रॅम जे जे करतो ते एका फाइलमध्ये लिहीत जातो, ती फाइल सहसा कोणी वाचत नाही. मी बाबांना सांगायला लागले.

"हे बघा बाबा, आपला प्रोग्रॅम डेपोतल्या यंत्राला विचारतो, बस कुठाय? यंत्र उत्तर देत नाही. मग आपण लिहितो, माहिती उपलब्ध नाही. सरळ आहे. आता ही ओळ कसली? 'उत्तर उशिरा आले, टाकून दिले.' आणि ही पण तीच. ही पण."

मी कॉम्प्युटरला मोजायला लावलं. चाळीस हजारांच्या वर ओळी होत्या. डेपोतलं यंत्र मेलेलं नव्हतं. ते प्रत्येक वेळी उत्तर देत होतं, बरोबर उत्तर, फक्त आठव्या-नवव्या सेकंदाला. तोवर आपण फोन ठेवलेला असायचा. आणि उत्तर टाकून दिल्याची बोंब कोणीतरी दाबून ठेवली होती.

"कोण हा शहाणा?" मी बाबांना म्हटलं. कुठली ओळ कोणी लिहिली हे दाखवणारी एक सोय असते, तिचं नाव ब्लेम. मी ती चालवली. पाच सेकंदांची ओळ आणि बोंब दाबणारी ओळ, दोन्हींसमोर माझं नाव आलं. सहा वर्षांपूर्वीची तारीख.

आपलेच दात, आपलेच ओठ. मग पाच खोडून वीस केले. एका आकड्याचा बदल. अर्ध्या तासात तिन्ही डेपोंच्या पाट्या बोलायला लागल्या. टीमनं टाळ्यांची चित्रं पाठवली. कारण काय होतं, ते मी सोबतच्या ओळीत लिहिलं. माझ्याच नियमाप्रमाणे लिहावं लागलं.

शुक्रवारी थेरपिस्ट आली ती दारातच म्हणाली, "ताई, आज तुम्ही बाहेर बसाल? सोमवारी अहवाल द्यायचाय. घरी आजोबा कसे बोलतात, तो एक रकाना आहे."

"घरी बोलतच नाहीत, लिहा तसं."

"तरी बसा."

बारा वाजता माझी मीटिंग होती. मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसले. थेरपिस्टनं सॅकमधून चित्रांचे पत्ते काढले. एक बाबांपुढे धरला. छत्रीचं चित्र होतं.

"हे काय आहे, आजोबा?"

आणि ती गप्प बसली. मी सवयीनं मनात मोजायला लागले. तीन. चार. पाचाला माझं तोंड उघडलं. "बाबा, छ..." मी म्हणणार तोच तिनं माझ्याकडे न बघता हात आडवा केला. सहा. सात. बाबांच्या गळ्याची शीर हलत होती. दहा. बारा. ती खोली मला सहन होईना. कोणी अडखळत असताना नुसतं बसून राहणं फार वाईट असतं, त्याला आपण छळतोय असं वाटतं. सोळा. सतरा.

"छ... त्री," बाबा म्हणाले.

आवाज घोगरा होता, शब्दाच्या कडा झिजलेल्या होत्या, पण आवाज त्यांचाच होता. मी तो अकरा महिने ऐकला नव्हता. वही खरी होती. एवढे महिने आठवड्यातून दोनदा, दाराच्या पलीकडे, माझे वडील बोलत होते आणि मी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकत होते.

पुढचं चित्र कपाचं. तेवीस सेकंद. त्याच्या पुढचं चित्र त्यांना आलंच नाही, ते कात्रीचं होतं, आणि बाबांचे डोळे भरले. कात्री. थेरपिस्टनं घाई केली नाही, पत्ता हळूच खाली ठेवला.

"आता तुम्ही दोघं बोला," ती मला म्हणाली. "नेहमीसारखं. मी नुसती बघते."

"बाबा, चहा घ्याल ना?" मी म्हटलं. "घ्याल. साखर कमीच टाकते. गरम होतंय का? पंखा लावू? लावते."

थेरपिस्टनं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि चारही उत्तरं तुम्हीच दिलीत." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. "विचारलं की मनात तीस मोजायचे. कमीत कमी. त्यांचं उत्तर निघालेलं असतं, पोचायला वेळ लागतो."



मग ती बाबांकडे वळली. "आजोबा, माझ्याशी बोलता की. लेकीशी का नाही बोलत?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी मोजलं नाही. त्यांनी डावा हात खुर्चीवरून उचलला, हळूहळू वर नेला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"अळी... मिळी," ते म्हणाले. आणि पुढचा शब्द एका दमात आला, "गुपचिळी."

थेरपिस्ट खूश झाली. "वा, आजोबा. लहानपणी पाठ झालेलं असं मेंदूत दुसरीकडे टिकून राहतं," ती मला समजावत होती, आणि लिहीत होती. मला तिचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. बाबा अजून माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती. मी दोन तास गप्प राहिले होते तेव्हा आईकडे अशीच बघत असणार. खेळ चालू आहे, आणि आपण हरलेलो नाही.

"तो खेळ आहे," मी थेरपिस्टला म्हटलं. "मीच लावून दिला होता. पहिल्या आठवड्यात." आणि तिला बदकाची सगळी गोष्ट सांगितली. याआधी ती सांगताना प्रत्येक जण हसला होता. ती हसली नाही. "त्यात सुटलीस म्हणावं लागतं," मी म्हटलं. "ते मी म्हटलंच नाही."

"नुसत्या त्यामुळे नसेल हो ताई," ती म्हणाली. "पण बोलणं म्हणजे त्यांना डोंगर चढणं आहे. चढू नका असं कोणी म्हटलं तर बसून राहणं सोपं." मग तिनं कागदावर बोट ठेवलं. "घरचा रकाना मी रिकामा ठेवते. सोमवारी सकाळी मला फोन करा."

ती गेली. मी स्टूल बाबांच्या अगदी जवळ ओढलं. टेबलावर हेडफोनमधून मीटिंगची घंटी वाजायला लागली. ती बारा वेळा वाजून बंद पडली. मला इतकी लाज वाटत होती की आधी त्यांच्या गुडघ्याकडेच बघून बोलले.

"बाबा, सुटलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटलात तुम्ही. मी विसरले होते. तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

मी मोजत होते. दहापर्यंत काही नाही. वीस. माझ्या मनात काय काय येत होतं, सांगते. मला वाटलं, ते माझं नाव घेतील. मला वाटलं, ते म्हणतील, केंद्रात पाठवू नको. तीस. त्यांचे ओठ जुळत होते, सुटत होते. पस्तीस. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. एक्केचाळीस.

"खि... डकी."

"खिडकी उघ..." मी जीभ चावली. थांबले. बाबांनी डावा हात हवेत गोल फिरवला. मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना खिडकी उघडून नको होती. त्यांना खुर्ची फिरवून हवी होती.

खुर्ची जड होती. मी ती आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं ओढत वळवली. आता त्यांचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ माझ्याकडे. अकरा महिने त्यांनी माझ्या लॅपटॉपची मागची बाजू आणि माझं कपाळ पाहिलं होतं, आणि हवं होतं हे. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. टेबलापाशी परत येऊन बसले तर समोर त्यांचं टक्कल आणि खुर्चीची पाठ. आता कोणाला सांगायचं, हे माझ्या डोक्यात आलं, आलंच.

खाली रस्त्यापलीकडे टेलरचं दुकान आहे. दार उघडं टाकून तो मशीन चालवत असतो. हा आवाज मी रोज ऐकत असणार, पण ऐकला असं म्हणता येणार नाही. टक टक टक टक चालतो, मध्येच एक खट, मग पुन्हा टक टक. बाबांनी मान एका बाजूला कलती केली. हळूच डोलावली. तीच मान. त्यांना पटतंय असं वाटून मी जिच्यासाठी सांगत बसायची ती. त्यांना माझ्या प्रोग्रॅममधलं काही पटलेलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे एक मशीन चालत होतं, पुढे बिघडलं होतं, आणि ते ऐकत होते.

मी जाऊन खिडकीशी उभी राहिले. काही विचारलं नाही. किती वेळ गेला ते मोजलं नाही.

"शटल," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "सैल."

मी थांबले.

"सांग," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं खालचं दुकान दाखवलं. "टकळे. सांग."

मी चप्पल घालून दोन जिने उतरले आणि रस्ता ओलांडला. टेलर साठीचा होता, गळ्यात टेप, नाकावर घसरलेला चष्मा. तीन वर्षं समोर राहून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी म्हटलं, तुमच्या मशीनचं शटल सैल झालंय. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझे वडील मशीन दुरुस्त करायचे. वर खिडकीत बसलेत. ते म्हणतायत."

त्यानं मान बाहेर काढून वर पाहिलं. मग मशीन मागे कलंडवलं, खाली हात घातला आणि सुईखाली दोरा फिरवणारा तो लोखंडी वाटीसारखा भाग बोटांनी हलवून पाहिला. तो हलला. त्यानं स्क्रू अर्धा आटा पिळला, मशीन सरळ केलं, एक चिंधी घालून चालवलं. टक टक टक टक. खट नाही. तो चिंधीवरचे टाके उलटेसुलटे करून बघत राहिला.

"चार महिने टाके सुटतायत," तो म्हणाला. "सुया बदलल्या, दोरा बदलला, तेल घातलं. नवीनच घेणार होतो आता." मग पुन्हा वर पाहिलं. "किती दिवसांपासून ऐकू येतंय त्यांना?"

"पहिल्यापासून येत असणार."

"मग इतके दिवस सांगायचं नाही का?"

मी वर पाहिलं. खिडकीत बाबांचा चेहरा होता, मान कलती, डोळे मिटलेले. टेलर माझ्या उत्तरासाठी थांबला होता. उत्तर मला माहीत होतं, पण ते तोंडापर्यंत यायला वेळ लागला.

"मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं," मी म्हटलं.